खोडलेला ठिपका

विबे तोल्स्मा मनाने वाईट नव्हता, असं झेआरेंड ह्या डच युद्धनौकेवरचे लोक अजूनही म्हणतात. म्हणोत बापडे, त्यांचं काय जातंय! मनाने वाईट नसलेला माणूस शेजाऱ्याची काय दशा करू शकतो, ते हार्म नायबूरच्या घरी जाऊन बघावं एकदा.

हार्म आणि विबे दोघेही सार्जंट, दोघेही रडारवाले. जहाजं बदलली, पण ऑप्स रूममध्ये, म्हणजे जहाजाच्या लढाईच्या खोलीत, एकोणीस वर्षं दोघांच्या खुर्च्या शेजारीशेजारी. हार्म बावन्नचा, अंगाने आडवा, द्रेन्तच्या बटाट्याच्या शेतांतून आलेला, बोलायला इतका संथ की त्याचं वाक्य संपेपर्यंत समोरच्याची कॉफी गार व्हायची. विबे फ्रिसलंडचा, सात वर्षांनी लहान, काटकुळा आणि जिभेला धार. तो हार्मला 'म्हातारा' म्हणायचा आणि हार्म त्याला 'लेका'. हार्मचे वडील गेले तेव्हा त्यांच्या शवपेटीला खांदा द्यायला विबे आसेनपर्यंत गेला होता. म्हणजे बघा, परका कुणी नव्हता.

देन हेल्डरच्या नौदलाच्या शाळेत रडार शिकवणाऱ्याची एक जागा सप्टेंबरपासून रिकामी होणार होती. एकच. यादीत पहिलं नाव हार्मचं, दुसरं विबेचं. हार्मला ती जागा हवी होती ती आलिडासाठी. बायकोचे पाय दोन वर्षांपासून तिचं ऐकेनासे झाले होते; जिना ती बसत बसत, एकेक पायरी घसरत उतरायची. ऑगस्टमध्ये जहाज सात महिन्यांच्या सफरीवर निघणार होतं, आणि हार्मने तिला शब्द दिला होता की ह्या वेळी निघेल ते माझ्याशिवाय. खालच्या खोलीत पलंग आणायचा म्हणून त्याने भिंतीची मापंसुद्धा घेऊन ठेवली होती. आणि विबेला ती जागा का हवी होती? समुद्राचा कंटाळा आला होता म्हणून. बास, एवढंच. ना आजारी बायको, ना लहान पोरं. कंटाळा!

मे महिन्यात स्कॉटलंडच्या पश्चिमेला मोठा सराव होता. एका बेटावरून सरावाचं क्षेपणास्त्र आभाळात सोडणार होते, पण कधी ते सांगणार नव्हते. झेआरेंडच्या पाठीवर रडारची जी अवाढव्य काळी पाटी फिरते, तिला जहाजावर सगळे 'भिंत' म्हणतात. ह्या भिंतीने ते क्षेपणास्त्र शेकडो मैलांवरून, नुसतं उगवतानाच टिपायचं, त्याची वाट काढायची आणि ती शेजारच्या दोस्त जहाजाला कळवायची. दोस्ताने त्या माहितीवर आपलं क्षेपणास्त्र सोडून ते वरच्यावर फोडायचं. आपण बघायचं, दुसऱ्याने मारायचं.

भिंतीला फार लांबचं दिसतं, आणि त्याचाच ताप होतो. वर फिरणारे मेलेले उपग्रह, जुन्या रॉकेटची टरफलं, सगळं तिला दिसतं, आणि ती इमानदारीत स्क्रीनवर ठिपका काढून विचारते, ठेवू की खोडू? खोडलात तर पुढचं दीड मिनिट ती आभाळाच्या त्या तुकड्याकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणून कोणता कचरा किती वाजता कुठून जाणार त्याचा कागद प्रत्येक कन्सोलपाशी, म्हणजे रडारच्या पडद्यापाशी, चिकटवलेला असतो. कागदावरची वेळ जुळली तरी ठिपक्याची चाल वीस सेकंद बघायची आणि मगच खोडायचं, असा नियम. विबेला कागद तोंडपाठ असायचा. वीस सेकंद थांबणं त्याला कमीपणाचं वाटायचं.

आता दहाच्या कॉफीचं ऐका. लढाई जुंपली तरी दहाची कॉफी चुकवणारं जहाज आमच्याकडे अजून बांधलं गेलेलं नाही. एकजण उठतो आणि सगळ्यांची घेऊन येतो. कन्सोलवर जे काही होतं ते आत घातलेल्या कार्डाच्या नावावर नोंदलं जातं, म्हणून उठताना आपलं कार्ड काढायचं, हा कायदा. पण कार्ड काढलं की परत आत शिरायला तीन मिनिटं जातात. म्हणून कार्ड तसंच राहतं आणि शेजारी म्हणतो, "जा, तुझी खुर्ची गरम ठेवतो." ही गोष्ट स्वयंपाक्यापासून कप्तानापर्यंत सगळ्यांना ठाऊक होती आणि सगळ्यांचा तिच्याकडे कानाडोळा होता.

"आज कोण जातंय?" विबेने विचारलं.

"मीच जातो," हार्म म्हणाला. "गुडघा आखडलाय, जरा मोकळा होईल."

"जा रे म्हाताऱ्या. आणि मला साखर दोन. काल एकच घातली होतीस."

"दोनच घातल्या होत्या. तू ढवळत नाहीस."

पलीकडे बसलेला कॉर्पोरल यॉरित हसला. हार्म लंगडत बाहेर गेला. विबेने आपली खुर्ची सरकवली आणि हार्मच्या कन्सोलसमोर आणली.

दहा वाजून अकरा मिनिटांनी वायव्येला दोन ठिपके उगवले. कागदावर त्याच वेळेला, त्याच दिशेला, एका जुन्या रॉकेटचं टरफल लिहिलेलं होतं. एक ठिपका त्याचा, आणि दुसरा?

"तुकडा पडलाय त्याचा," विबे म्हणाला, आणि टकटक दोन्ही खोडले.

"सार्जंट, दुसऱ्याची चाल जरा..." यॉरित मान वळवून म्हणाला.

"चाल बघायची असेल तर घोड्यांच्या शर्यतीला जा."

सराव आखणारे काही दुधखुळे नव्हते. असाच एखादा शहाणा कागदावर विसंबून बसेल हे त्यांनी धरलंच होतं, म्हणून क्षेपणास्त्र त्यांनी मुद्दाम त्या टरफलाच्या आड सोडलं होतं. दीड मिनिटाने भिंतीने पुन्हा डोळा उघडला तेव्हा ते माथ्यावरून पलीकडे गेलेलं. दोस्त जहाजाला नेम धरायलाच मिळाला नाही. एवढं महागाचं धूड अटलांटिकमध्ये जाऊन पडलं आणि रेडिओवर कुणीतरी गोड आवाजात विचारलं, "झेआरेंड, जागे आहात ना?"

त्याच वेळी हार्म सात कपांचा ट्रे सांभाळत आत आला. सगळे उभे. विबे केव्हाच आपल्या जागी सरकलेला.

"काय झालं?" हार्मने विचारलं.

दुपारी चौकशीला लेफ्टनंट कमांडर ओस्टिंग बाईंनी नोंद पडद्यावर लावली. बाजूला दोन परदेशी परीक्षक बसलेले. पडद्यावर अक्षरं उमटली: कन्सोल चार, कार्ड सार्जंट नायबूर, दहा वाजून अकरा मिनिटं चाळीस सेकंद, दोन ठिपके खोडले.

"सार्जंट नायबूर?" बाई म्हणाल्या.

हार्मचं तोंड उघडलं. मी कॉफीला गेलो होतो, असं म्हणायचं म्हणजे कार्ड मागे ठेवलं होतं हे सांगायचं. आणि ते परीक्षकांसमोर सांगायचं म्हणजे सगळीच कार्डं बाहेर येणार, सगळं जहाज नापास होणार. त्याने आपल्या सहा माणसांकडे बघितलं. विबे बुटांची लेस बांधत होता.

"कार्ड माझं आहे, मॅडम," हार्म म्हणाला. "जबाबदारी माझी."

असा माणूस! आणि ह्याच्या वाट्याला काय आलं बघा.

संध्याकाळी उन्हात दोघे मागच्या डेकवर उभे होते. हार्म कठड्याला रेलून म्हणाला, "विबे, मला कुणाला सांगायचं नाहीये. शपथ. पण मला कळू दे. माझी खुर्ची तू गरम ठेवत होतास ना?"

हो रे, मीच. एवढंच म्हणायचं होतं त्याला. पुढचं हार्मने सगळं पोटात घातलं असतं, दोन शिव्या घातल्या असत्या, आणि आलिडाला फोन करून काहीतरी गोलमाल सांगून टाकलं असतं. विबेला हे पक्कं माहीत होतं. पण शाळेच्या यादीत पहिलं नाव कुणाचं आणि दुसरं कुणाचं, हेही माहीत होतं. आणि आता त्या पहिल्या नावावर डाग पडलाय, तो आपण न लावता पडलाय, हे दुपारपासून त्याच्या डोक्यात घोळत होतं.

"तू परत आला होतास, हार्म," तो म्हणाला.

"कुठे? मी आलो तेव्हा सगळे उभे होते."

"ते दुसऱ्यांदा. पहिल्यांदा आलास, बसलास, दोन्ही खोडलेस, आणि मग म्हणालास, अरे साखर राहिली. परत गेलास."

"साखर राहिली?"

"मी दोन म्हटलं होतं ना?"

हार्म त्याच्याकडे बघत राहिला. मोठा, गोल, भोळा चेहरा. कपाळावर आठ्या घालून तो सकाळ आठवत होता, आणि विबे शांतपणे ते बघत होता.

"मला आठवत नाही रे," हार्म म्हणाला.

"ठीक आहे. होतं असं कधी कधी." विबेने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आणि मग, अगदी काळजीच्या सुरात, "तुझ्या बाबांचं कितव्या वर्षी सुरू झालं होतं?"

ह्या एका वाक्यासाठी विबेला नरकात वेगळी खोली मिळावी. हार्मचे वडील शेवटची दोन वर्षं बूट पावाच्या डब्यात ठेवायचे आणि हार्मला मेलेल्या कुत्र्याच्या नावाने हाक मारायचे. तसंच आपलं होईल ह्याची हार्मला किती भीती आहे, हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. एक आलिडा, आणि दुसरा हा.

दुसऱ्या दिवशी हार्मने यॉरितला जिन्यात गाठलं. "तू बघितलंस का रे? मी खुर्चीवर होतो?"

यॉरितच्या मागून विबे जिना चढत होता. यॉरितचा वार्षिक अहवाल जूनमध्ये विबेच लिहिणार होता.

"कानावर हेडफोन होते, सार्जंट," यॉरित म्हणाला. "माझं लक्ष नव्हतं."

आणि गंमत बघा, पहिली चिठ्ठी चिकटवली ती ह्या यॉरितनेच. हार्मच्या कपाटावर: 'हे हार्मचं कपाट. हार्म म्हणजे तू.' सगळे खो खो हसले. हार्मही हसला. मग मिठाच्या डबीवर 'मीठ' आलं, त्याच्या उजव्या बुटावर 'उजवा'. संडासाच्या दारावर 'आधी पँट काढायची'. जहाजावर करमणूक कमी असते हो, एकदा एखादा सापडला की त्याला सोडत नाहीत. ज्या सहा माणसांसाठी हार्मने मान पुढे केली होती त्यातल्या एकालाही लाज वाटली नाही.

बुधवारी भात, साटे म्हणजे काडीला टोचून भाजलेलं मांस, आणि तिखट शेंगदाण्याची चटणी. हे जेवण हार्म कधी चुकवायचा नाही. तो ताट घेऊन रांगेत उभा राहिला तर स्वयंपाकी डोळा मिचकावून म्हणाला, "पुन्हा? आत्ता तर जेवून गेलास की!"

मागचे सगळे गप्प, हसू दाबून.

"जेवलो मी?"

"दोन ताटं. साटे तर आठ."

हार्म रिकामं ताट धरून उभा राहिला. त्याने जिभेने दात चाचपले, पोटावर हात ठेवला. मग ताट मुकाट्याने परत रचून तो निघून गेला. उपाशी. तो दाराबाहेर पडला तेव्हा जो काय हशा उठला, तो खाली इंजिनपर्यंत ऐकू गेला असेल. विबे हसला नाही. तो आपलं जेवत राहिला, आणि जेवताना त्याला एक कल्पना सुचली.

हार्म वाचायचा चष्मा मेसच्या टेबलावर विसरून गेला होता. भांबावलेला माणूस विसरणारच. विबेने तो उचलला. द्यायलाच उचलला होता, असं तो स्वतःला पुढे सांगत असे. पण दार ओलांडायच्या आधी तो वळला, इकडेतिकडे बघितलं, आणि चष्मा पावाच्या डब्यात ठेवून दिला.

सकाळी हार्मने न्याहारीला डबा उघडला. पावाच्या कापांवर त्याचा चष्मा, घडी घातलेला. तो किंचाळला नाही, काही नाही. त्याने चष्मा कागदी रुमालाने पुसला, बराच वेळ पुसला. समोर विबे पावावर चॉकलेटचा भुगा पसरत होता.

"विबे, तू माझा मित्र आहेस ना?"

"म्हणजे काय!"

"मग मला खरं सांगत जा. मी काही विसरलो, काही वेड्यासारखं केलं, की लगेच सांगायचं. आलिडाला कळायच्या आधी."

"सांगेन," विबे म्हणाला.

आणि तो सांगू लागला! हा प्रश्न तू कालही विचारला होतास, हार्म. हे तू मला दोनदा सांगितलंस. सरावाचे उरलेले नऊ दिवस त्याने हा धर्म पाळला. हार्म प्रत्येक वेळी मान डोलवायचा आणि खिशातल्या छोट्या वहीत लिहून ठेवायचा.

जहाज देन हेल्डरला लागलं त्या दिवशी हार्म स्वतःच्या पायांनी ओस्टिंग बाईंकडे गेला आणि म्हणाला, मला कन्सोलवर बसवू नका, माझं डोकं चालत नाही. बाई चांगल्या होत्या. त्यांना ते पटलं नाही.

"एकोणतीस वर्षांत तुमची एक चूक सापडत नाही, सार्जंट. आधी स्मृतीच्या डॉक्टरांना दाखवा. कागद आणा. शाळेचा निर्णय मी मंगळवारी देणार आहे, तोवर तुमचं नाव जिथे आहे तिथेच राहील."

"आणि कागद वाईट आला तर?"

"तर नोकरीतूनच सोडवावं लागेल, पेन्शन देऊन. कागद चांगला आला आणि तरीही तुम्हाला रडार नको असेल, तर ऑगस्टच्या सफरीवर कोठाराला माणूस हवाय. पण तशी वेळ येऊ देऊ नका."

विबेला त्यांनी दारातच सांगितलं, "ते नसतील तर तुम्ही. पण मला तेच हवेत."

शनिवारी सकाळी हार्मचा फोन आला. आवाज पहिल्यासारखा, उलट जरा घाईतच. "ये लेका. आलिडाने सफरचंदाचा केक केलाय. ये, काहीतरी दाखवायचंय."

विबे सायकलवर गेला. खालच्या खोलीत पलंग येऊन पडला होता, खिडकीशी, चादर घातलेला. आलिडा टेबलापाशी चाकांच्या खुर्चीत बसली होती. ती खुर्ची विबे पहिल्यांदाच बघत होता. हार्मने त्याला बसूही दिलं नाही, कागद समोर धरला.

"वाच. मोठ्याने वाच."

विबेने वाचलं. अडीच तासांची तपासणी. स्मरणशक्ती वयाच्या मानाने उत्तम. लक्ष, हिशेब, चित्रं ओळखणं, सगळं उत्तम. विकाराचं कोणतंही चिन्ह नाही.

"उत्तम!" हार्म म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "तपासणाऱ्या पोरीने मला पंधरा शब्द सांगितले आणि अर्ध्या तासाने विचारले. चौदा आले रे मला. चौदा! ती म्हणाली, मलासुद्धा येत नाहीत."

"वा!" विबे म्हणाला.

आलिडाने केक कापला, एक तुकडा विबेपुढे सरकवला आणि सुरी हातातच धरून म्हणाली, "मग मला एक सांग, विबे. ह्याचं डोकं ठीक आहे, तर ते बटण दाबलं कुणी?"

विबेच्या पाचावर धारण बसली, खोटं कशाला सांगू. हार्म त्याच्याकडे बघत होता, आणि त्या बघण्यात राग नव्हता, संशयसुद्धा नव्हता. नुसती आशा होती, की आता हा काहीतरी सांगेल आणि सगळं जुळेल. अजूनही वेळ गेलेली नव्हती. विबेने तोंड उघडलं असतं तर ह्या बाईने त्याला सुरी फेकून मारली असती, आणि हार्मने रडत रडत मिठी मारली असती.

"हार्म," विबे हळूच म्हणाला, "तुझ्या बाबांचा पहिला कागद असाच आला होता ना?"

"बाबांचा? कसला कागद?"

"डॉक्टरांचा. तेव्हाही उत्तम म्हणाले होते. आणि आठ महिन्यांत बूट पावाच्या डब्यात. सुरुवातीला तपासणीत सापडत नाही, असं तूच मला म्हणाला होतास."

"मी?"

"आसेनला. त्यांना पोचवून आलो त्या दिवशी, कॉफी घेताना."

असा कागद कधी नव्हताच. हार्मच्या बाबांनी जन्मात डॉक्टरची पायरी चढली नव्हती. नेलं ते शेवटी, उचलूनच. पण हार्म तेव्हा समुद्रावर असायचा. बाबांचं सगळं आईने निस्तरलं होतं, आणि आई आता नव्हती. विचारायचं कुणाला?

"मला कधी बोलला नाहीस हे," आलिडा म्हणाली.

हार्म डोळे मिटून बसला होता. आसेन, तो हॉल, काळे कोट, कॉफीची किटली, सगळं आठवत असणार त्याला, चौदा शब्द आठवले तसं. नसलेली गोष्ट तेवढी आठवत नव्हती. विबेने केकचा एक घास घेतला आणि वाट बघितली.

"बघ, आलिडा," शेवटी हार्म म्हणाला. "हेसुद्धा विसरलो मी."

"हार्म, थांब. विबे, माझ्याकडे बघ. इकडे बघ म्हणते ना! तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस? हा खुर्चीवर होता?"

"होता, आलिडा."

"पाहिलंस?"

"पाहिलं. मला काय आनंद होतोय का हे सांगताना?"

आलिडाने सुरी खाली ठेवली. "मग सात महिने मला आंघोळ कोण घालणार आहे, ते पण सांगून टाका दोघांनी मिळून," ती म्हणाली, आणि तोंड खिडकीकडे वळवून रडायला लागली. हार्म उठला, तिच्या खुर्चीमागे उभा राहिला, तिच्या केसांवरून हात फिरवू लागला. फिरवता फिरवता म्हणाला, की शाळेत पोरांना शिकवायचं म्हणजे चेष्टा नाही, आलिडा. मी चुकीचं शिकवलं तर उद्या खऱ्या क्षेपणास्त्राखाली दोनशे माणसं जातील. कोठारात काय, कांदे-बटाटे मोजायचे. तिथे चुकलो तर एखाद्याला सूप कमी मिळेल. तुझ्यासाठी शुश्रूषा केंद्रात खोली बघू, सात महिन्यांपुरतीच. तिने मान वळवली नाही.

मग तो टेबलाशी येऊन बसला. डॉक्टरांचा कागद त्याने चार घड्या करून बाजूला सारला.

"विबे, मॅडमना लिहायचं ते तू लिहून दे रे. मला शब्दांचा भरवसा नाही राहिला."

विबेने लिहून दिलं. सहा ओळी, नीटनेटक्या. शाळेच्या जागेसाठीचं माझं नाव मी मागे घेतो; ऑगस्टच्या सफरीवर कोठाराचं काम करायला मी तयार आहे. हार्मने प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवत ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि खाली सही केली.

"तू नसतास तर मला हे कुणी तोंडावर सांगितलं नसतं, लेका," तो म्हणाला. मग कागद विबेकडे वळवून, आलिडाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्याने विचारलं, "नाव बरोबर लिहिलंय ना मी माझं?"

विबेने कागद उचलला आणि नीट बघितला.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "दे, मंगळवारी मीच नेऊन देतो."